जालना नावाचा पंप

हातपंपांच्या इतिहासावरचे इंग्रजी अहवाल वाचताना ‘जालना’ हा शब्द गावाचे नाव म्हणून फारसा भेटत नाही. तो भेटतो एका यंत्राचे नाव म्हणून. आधी जालना पंप, मग सोलापूर पंप आणि त्यानंतर इंडिया मार्क टू, असा तो वंशक्रम आहे. इंडिया मार्क टू म्हणजे आपल्याकडच्या गावोगावचा पोलादी हापसा. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे पन्नास लाखांच्या आसपास हापसे तयार होऊन बसवले गेले होते. आफ्रिकेतल्या खेड्यांतही त्याचाच दांडा हलत होता. जालना शहर लोखंडी सळ्यांसाठी आणि बियाण्यांसाठी ओळखले जाते, जिल्हा मोसंबीसाठी. हापशाच्या वंशावळीत आपले नाव आहे, याची मात्र इथे फारशी चर्चा होत नाही.

मी इंजिनियर नाही. जुने अहवाल, स्मरणिका आणि सरकारी पुस्तिका गोळा करून वाचणे हा माझा छंद आहे. म्हणून या लेखात पंपाच्या रचनेपेक्षा त्याच्याविषयीच्या लेखनाकडे मी अधिक पाहणार आहे. पाण्याच्या दानधर्माविषयीचे लेखन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, असे माझे मत आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, देणगीची आवाहने, उद्घाटनाच्या बातम्या, रौप्यमहोत्सवी स्मरणिका हे सगळे त्यात येते. त्याचे कथानक ठरलेले आहे. कोरडी विहीर, डोक्यावर तीन हंडे घेतलेली बाई, लांबची वाट; मग दाता येतो, बोअर पडते, पहिली धार लागते आणि एखादे मूल ओंजळ धरून हसते. फोटो तिथेच काढतात आणि गोष्टही तिथेच संपते. जालना पंपाची गोष्ट नेमकी तिथून सुरू होते, म्हणून ती या वाङ्मयात नीट बसत नाही.

मराठवाडा उभा आहे तो काळ्या पाषाणावर. या बेसाल्टात पाणी साठते ते भेगांत आणि कुजलेल्या खडकाच्या थरात. हाताने खणलेली विहीर किंवा घरचा आड एका मर्यादेपर्यंतच खोल जातो. पावसाने दोन वर्षे पाठ फिरवली की तळ दिसतो. १९६६-६७मध्ये बिहारात आणि १९७२मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ पडला, तेव्हा कठीण खडक फोडणारी हवेच्या दाबावरची यंत्रे मदतकार्यात उतरली. युनिसेफने ती पुरवली, चर्चशी जोडलेल्या संस्थांनीही चालवली. जालन्यात मिशनचे काम जुने होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ते उभे केले होते आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली होती. त्याच परंपरेतल्या लोकांच्या हाती आता दूरदेशीच्या देणगीदारांचा पैसा आणि बोअर घेण्याचे काम आले.

बोअर झाली, पाणी लागले, वर बिडाचा हातपंप बसला. काही आठवड्यांत तो मोडला.

हे सगळीकडेच होत होते, आणि कारण साधे होते. ते बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांतल्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस वेळा दांडा हलवावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. आपल्याकडे पहाटे चारपासून रात्रीपर्यंत तीनशे-चारशे माणसांचे पाणी त्याच दांड्यावर. बीड ठिसूळ, ते तडकते; दांड्याच्या खिळी झिजून भोके मोठी होतात. १९७०च्या दशकाच्या मध्याला घेतलेल्या अंदाजात देशातल्या बोअरवरच्या हातपंपांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास बंद असल्याचे आढळले. म्हणजे उद्घाटनाच्या शंभर फोटोंपैकी पंचाहत्तर फोटोंतला पंप आता पाणी देत नव्हता. फोटो मात्र तसेच छापले जात राहिले.

जालन्यातल्या लोकांनी इथे जे केले ते मला थोर वाटते, आणि ते दिसायला अगदी किरकोळ आहे. आणखी बोअरसाठी पैसे मागण्याआधी त्यांनी मोडलेल्या पंपाकडे पाहिले. बीड टाकून पोलाद घेतले. दांड्याच्या अनेक सांध्यांऐवजी एकच टेकूबिंदू ठेवला, म्हणजे झिजायच्या जागा कमी झाल्या. सोलापुरात त्याच्या पुढचे पाऊल पडले: दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये साखळी आली, टेकूच्या जागी बंदिस्त बेअरिंग आले. साखळीमुळे सळई सरळ वर-खाली होते, बाजूला घासत नाही. युनिसेफने आधी हे सोलापुरी पंप घेतले आणि मग सरकार, युनिसेफ, अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून त्यातून इंडिया मार्क टू घडवला. कोइम्बतूर भागात चाचण्या झाल्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातून हापसे बाहेर पडू लागले आणि त्यांचे भारतीय मानकही ठरले. त्यावर कोणी पेटंट घेतले नाही, म्हणून तो जगभर कोणालाही बनवता आला.

या इतिहासाच्या संक्षिप्त आवृत्त्यांत एक वाक्य हटकून येते: मूळ पंप एका स्वयंशिक्षित भारतीय मेकॅनिकने बनवला होता. विस्तृत आवृत्त्यांत त्याच जागी मिशनची आणि विहीर-सेवा संस्थांची नावे येतात, काही परदेशी माणसांचीही येतात. मेकॅनिकचे नाव मी वाचलेल्या एकाही मजकुरात नाही. मी स्वतः शाळेबाहेर शिकलेला माणूस असल्यामुळे असेल, पण हे वाक्य मला खटकते. ‘स्वयंशिक्षित भारतीय मेकॅनिक’ हे कौतुकाचे शब्द वाटतात. पण त्यामुळे माणसाचे नाव शोधण्याची जबाबदारी टळते. दात्यांच्या याद्या पानेच्या पाने छापणाऱ्या वाङ्मयाला एका दुरुस्ती करणाऱ्याचे नाव सांभाळता आले नाही, याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी.

याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. तिथे ‘प्लेपंप’ नावाचा पंप निघाला. मुलांनी गोल फिरायच्या पाळण्यावर खेळायचे, त्या फिरण्याने पाणी टाकीत चढायचे, टाकीवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च काढायचा. यापेक्षा गोड गोष्ट कुठली? २००६मध्ये अमेरिकेत मोठ्या समारंभात त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश तिथे हजर होत्या. पुढे गावांत असे दिसले की मुले दमून निघून जातात आणि तो जड पाळणा बायकाच ढकलत बसतात. एका हिशेबाप्रमाणे ठरलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचे तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागले असते. काही ठिकाणी हा पाळणा बसवण्यासाठी चालू स्थितीतला साधा हातपंप काढून टाकला होता. काही वर्षांत ही मोहीम गुंडाळली गेली. प्लेपंपाची गोष्ट पंपापेक्षा चांगली होती, आणि पैसा गोष्टीला मिळाला. जालना पंपाचे नेमके उलटे झाले.

याचा अर्थ देणाऱ्यांनी हात आखडावा असा कोणी काढू नये. टँकर आला नाही तर त्या दिवशी घसा कोरडा राहतो. २०१३च्या उन्हाळ्यात जालन्याने हे भोगले आहे. तेव्हा ज्यांनी टँकर पाठवले त्यांच्याकडे मी ‘पुढच्या वर्षाचे काय’ म्हणून बोट दाखवणार नाही. माझा आक्षेप आहे तो लिहिणाऱ्यावर. चामड्याच्या वायसरासाठी कोणी देणगी देत नाही, हे संस्था चालवणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पण वायसराची गोष्ट कोणी लिहिलीच नाही, तर देणार कसे?

आणि ती गोष्ट रोचक आहे. मार्क टूचा वरचा भाग मजबूत, पण खाली नळकांड्यातले वायसर झिजले की सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागतात. पन्नास मीटर खोलीचे पाइप दोघातिघांच्या हाताला येत नाहीत. तिपाई, साखळी, गाडी आणि माणसांची टोळी लागते. म्हणून गावात एक राखणदार, तालुक्याला एक मेकॅनिक आणि जिल्ह्याला एक फिरते पथक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था तमिळनाडूत बसवली गेली आणि नंतर इतरत्र गेली. पुढे मार्क थ्री आला. त्यात पाइप रुंद करून आतला दट्ट्या पाइप न काढता वर घेता येईल अशी सोय होती. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९०च्या दशकात बायकांनी हापसे दुरुस्त करायचे शिक्षण घेतले आणि पाने-पकडी घेऊन त्या गावोगाव फिरल्या. यात कादंबरीचा ऐवज आहे. मराठीत लक्ष्मीकांत देशमुखांच्या ‘पाणी! पाणी!’ या कथा आहेत, सदानंद देशमुखांची ‘तहान’ आहे; टंचाईने गाव कसे पोखरते ते आपल्या साहित्याने जवळून पाहिले आहे. पण हापसा दुरुस्त करणारा माणूस मध्यवर्ती असलेली मराठी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. आपल्या साहित्याला तहान दिसली, टँकर दिसला. पाना घेऊन बसलेला माणूस दोघांच्या मध्ये राहून गेला.

आपल्या जुन्या विचारात या फरकाला शब्द होता. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांच्यातला भेद मांडला आहे. दानात वस्तू एकाच्या मालकीतून दुसऱ्याच्या मालकीत जाते. विहीर, बारव, तलाव यांचा मात्र उत्सर्ग करायचा असतो. त्यावरची आपली मालकी सोडून ते सर्वांसाठी मोकळे करायचे. मग त्या सर्वांपैकी एक म्हणून खुद्द देणाराही ते पाणी पिऊ शकतो. जीर्णोद्धाराचे पुण्यही शास्त्रकारांनी मोठे सांगितले आहे. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानावर एक आख्खा खंड लिहिला, आणि देवगिरी जालन्यापासून लांब नाही. आजच्या आवाहनांमध्ये देणारा हा पिणाऱ्यांमध्ये कधीच नसतो. तो पाणी पितो दुसरीकडे, बाटलीतले.

पण या उत्सर्गाचे गोडवे गाताना थांबावे लागते. सर्व प्राण्यांसाठी मोकळे केलेले पाणी गावातल्या काही माणसांना मोकळे नव्हते. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा तपासला गेला असे म्हणता येईल. १९२३मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले, तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांना तिथपर्यंत चालत जावे लागले आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडले. हापशाने या प्रश्नात एक विचित्र भूमिका बजावली. विहीर एक असते, हापसे अनेक बसवता येतात. दलित वस्तीत वेगळा हापसा दिला की पाण्याची सोय होते आणि गावच्या विहिरीचा प्रश्न मिटल्यासारखा दिसतो. तो मिटला नव्हता, टळला होता. अहवालांत मात्र तिथेही फक्त आकडा आहे: इतक्या वस्त्या, इतके हापसे.

जालन्याला दुरुस्तीचे अलीकडचे उदाहरण शोधायचे तर दूर जायला नको. कुंडलिका नदीवरचा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीतला. नव्या जालन्याला त्याचे पाणी उताराने, विजेशिवाय येते. बेझनजी फरिदूनजी या जालन्याच्या पारशी गृहस्थांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि आज तो संत गाडगेबाबा जलाशय म्हणून ओळखला जातो. तो गाळाने भरत चालला, तेव्हा शहरातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापून गाळ उपसायला सुरुवात केली. गाळ काढण्यात उद्घाटनाचा क्षण नसतो. काढलेला गाळ शेतात जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तलावात पुन्हा येतो. त्यामुळे या कामाच्या बातम्याही उन्हाळ्यापुरत्या येतात.

हापशाचे काय झाले, हेही सांगायला हवे. त्याच्या शेजारी शेतकऱ्यांच्या बोअर गेल्या, त्यात विजेचे पंप उतरले. १९९३च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी केली. तरीही हापशाच्या आसपास बोअर होत राहिल्या. बोअर दोनशे फुटांवरून पाचशे, सातशे फुटांवर गेल्या. मार्क टू पन्नास मीटरपर्यंत पाणी उचलतो, म्हणजे साधारण एकशे साठ फूट. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडच्या कितीतरी हापशांचा दांडा अगदी हलका लागतो आणि पाणी येत नाही. साखळी शाबूत असते, बेअरिंगही चांगले असते. तालुक्याच्या नोंदवहीत अशा हापशासमोर ‘नादुरुस्त’ लिहिले जाते.