भंडाऱ्याचा पिवळा आणि यंत्राचा पांढरा

सातारा जिल्ह्यातल्या पाल येथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. मिरवणुकीवर भंडाऱ्याची उधळण होते आणि माणसे, पागोटी, भिंती सारे पिवळे होऊन जाते. या यात्रेच्या एका जुन्या व्हीएचएस फितीच्या दोन डिजिटल प्रती अलीकडे पाहायला मिळाल्या. एक फितीवरून जशीच्या तशी उतरवलेली, दुसरी ‘रंग सुधारून’ दिलेली. पहिली मळकट आणि लालसर आहे. दुसरीत भंडारा राखेसारखा दिसतो आणि पांढरी धोतरे निळी पडली आहेत. सुधारलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा सत्यापासून अधिक दूर का गेली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

अशी कामे पुष्कळदा ‘अ‍ॅव्हिसिंथ’सारख्या साधनाने होतात. त्यात चित्रावर काय करायचे ते ओळीओळीने लिहून द्यायचे असते. चित्राची उजेडाची एक आणि रंगाच्या दोन अशा तीन वाहिन्या असतात. रंगाच्या वाहिनीत १२८ हा आकडा म्हणजे रंगाचा अभाव. पिवळ्या चित्रात निळसरपणाची वाहिनी १२८च्या खाली उतरते. ‘ऑटोव्हाइट’ ही सोय प्रत्येक चौकटीतल्या रंगांची सरासरी काढते आणि ती १२८वर आणून बसवते. जगाची सरासरी करडी असते, हे तिचे गृहीतक. अंगणातल्या वा रस्त्यावरच्या साध्या दृश्यात ते बरेचदा चालून जाते. पालच्या यात्रेत जग खरोखरच पिवळे असते. समजा, सरासरी १०० आली, तर यंत्र चौकटीतल्या प्रत्येक बिंदूत २८ मिळवते. भंडारा फिका होतो आणि जे मुळात पांढरे होते ते निळे होते. हिशेब दर चौकटीला नव्याने होत असल्यामुळे उधळण वाढली की मागची भिंतही रंग बदलते. देवाच्या लग्नाचा रंग यंत्राने दोष म्हणून काढून टाकला.

मग हाताने दुरुस्ती करावी, तर तिथेही निवड आहेच. निळ्या वाहिनीला ०.९ने गुणले तर २००चे १८० होतात, पण ४०चे फक्त ३६. त्याऐवजी २० वजा केले तर २००चे १८०च होतात, पण ४०चे २० उरतात. पांढऱ्यावर परिणाम सारखाच, गडद भागावर मात्र वेगळा. कोणता मार्ग घ्यायचा हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी मुळात रंगहीन असलेली एखादी खूण लागते. धोतर पांढरे धरावे, तर ते उधळणीपूर्वीच्या दृश्यातले हवे, कारण नंतर तेही पिवळे झालेले असते. ऊन कलले की खूण पुन्हा शोधावी लागते. सांगलीच्या पेठेतली आजची राजापुरी हळद समोर ठेवून रंग जुळवण्याचा मोह होतो. पण हळदीचा रंग उन्हात विटतो, जातीगणिक आणि उजेडागणिक बदलतो. तसा रंग भरणे ही कल्पना झाली, पुरावा नव्हे.

आपल्या वाचकांना ही अडचण नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली, ती १९६६ साली पूर्ण झाली. संपादकांनी एक पाठ स्वीकारला आणि बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी छापले. त्यामुळे त्यांचा निर्णय न पटणाऱ्यालाही तो तपासता येतो. लिहून द्यायच्या फिल्टरचे मोल मला इथे दिसते. ‘निळ्यातून २० वजा’ ही ओळ म्हणजे संपादकाची तळटीप. ती वाचता येते, वगळता येते, बदलून पाहता येते. मूळ प्रत हाताशी असली तर काहीच बिघडत नाही.

ती नसली तर मात्र वाट बंद होते. आकडा ०च्या खाली किंवा २५५च्या वर ढकलला गेला की तिथले बारकावे एकाच पातळीवर चिरडले जातात. उलट हिशेब करून ते परत येत नाहीत. माझ्या समोरच्या सुधारलेल्या प्रतीसोबत एकही ओळ आलेली नाही. घरोघरच्या फिती बुरशीने वाया जात आहेत आणि लोक डिजिटल प्रत हाती आली की फीत टाकून देतात. त्या घरांत उद्या एवढीच प्रत उरेल. पुढचा अभ्यासक तिच्यावरून पालचा भंडारा करडा होता असे लिहील, आणि त्याला खोडून काढायला पुरावा सापडणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. उतरवलेली मूळ प्रत आधी न बदलता जपावी. दुरुस्ती दृश्यानुसार आणि स्थिर आकड्यांनी करावी. दुरुस्तीच्या ओळी आणि रंगहीन मानलेली खूण, दोन्ही प्रतीबरोबर ठेवाव्यात.