काळोखातला हत्ती

स्वखर्चाने काळोख्या लघुकथा छापणारे नवे लेखक मी आवर्जून वाचतो. त्यांत भीती पुष्कळ असते, अर्थ क्वचित. अशा वेळी मला वऱ्हाडातले रिद्धपूर आठवते. या गावाभोवती वाढलेल्या महानुभाव वाङ्मयात, तेराव्या शतकात, केसोबासांनी ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यातले आंधळे हत्ती चाचपतात. कुणाला खांब लागतो, कुणाला सूप. तिथला काळोख रात्रीचा नव्हे, ज्याच्या त्याच्या खात्रीचा आहे. मागून अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक येते आणि दिवा लागतो. जी. ए. कुलकर्णींनी ‘काजळमाये’त (१९७२) तो दिवा काढून घेतला; हत्ती मात्र शाबूत ठेवला. नव्या लेखकानेही दिवा खुशाल विझवावा. फक्त अंधारात हत्ती आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.