कल्पविज्ञान, चित्रपट आणि कोलकात्याची पूर्वपीठिका

जपान, चीन, कोरिया येथील विज्ञानकल्पित चित्रपट आज भारतीय रसिकाला घरबसल्या पाहता येतात. नेटफ्लिक्ससारख्या सेवांनी करून दिलेल्या या सोयीचे वर्णन बहुधा ‘नवा शोध’ असे केले जाते. वस्तुतः या शोधाला भारतात एक पूर्वपीठिका आहे आणि ती कोलकात्यात आहे. ती ध्यानात घेतल्यावाचून आजच्या लाभाचे व उणिवेचे यथार्थ मूल्यमापन होणार नाही.

केशतेलाच्या योगाने चक्रीवादळ शमल्याची कथा जगदीशचंद्र बसू यांनी १८९६ मध्ये बंगालीत लिहिली. १९६३ मध्ये अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे केवळ या वाङ्मयाला वाहिलेले मासिक काढले. ‘कल्पविज्ञान’ ही संज्ञाही त्यांचीच. त्यानंतर १९६६ मध्ये ‘सायन्स फिक्शन सिने क्लब’ स्थापन झाला. सत्यजित राय अध्यक्ष, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष आणि बर्धन सचिव, अशी त्याची धुरा होती. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी कथा, मग नियतकालिक व संज्ञा, आणि त्यानंतर चित्रपट. पडद्यावर जे दिसेल त्याविषयी बोलण्याची भाषा प्रेक्षकाजवळ अगोदरच सिद्ध होती.

या वातावरणातून स्वतंत्र निर्मितीही होऊ पाहत होती. राय यांच्या ‘बंकुबाबूंचा मित्र’ (१९६२) या कथेत परग्रहावरचा पाहुणा एका भित्र्या, सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेल्या शाळामास्तराला भेटतो आणि त्याला स्वतःच्या योग्यतेची जाणीव देऊन जातो. जग जिंकण्याचा वा वाचवण्याचा येथे प्रश्नच नाही. या कल्पनेचा विस्तार करून राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. तीत अवकाशयान बंगालच्या खेड्यातील एका तळ्यात उतरते आणि पाण्यावर आलेला त्याचा कळस पाहून गावकरी ते बुडालेले देऊळ समजतात. कोलंबिया पिक्चर्सच्या साहाय्याने होऊ घातलेला हा चित्रपट मात्र कधीच तयार झाला नाही.

मध्यस्थावर विसंबण्याचे दुसरे फळ जपानी ‘गोजिरा’च्या वाट्याला आले. इशिरो होंडा यांचा हा चित्रपट १९५४ चा. अणुबाँबची भीषण स्मृती हा त्याचा गाभा. १९५६ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला तो मूळ भाग कापून, एक अमेरिकन वार्ताहर मध्ये घालून. जगातील असंख्य प्रेक्षकांनी पुढे कित्येक वर्षे पाहिला तो हा बदललेला अवतार, आणि तीत शोकापेक्षा राक्षसी जनावराचा थरारच अधिक उरला होता.

आजच्या सेवांचा खरा गुण हा, की त्या चित्रपट बहुशः अखंड आणि मूळ ध्वनीसह देतात. त्यामुळे दृष्टीतील भेद प्रत्यक्ष पाहता येतो. लिऊ त्सिशिन यांच्या कथेवरील ‘द वाँडरिंग अर्थ’ (२०१९) या चिनी चित्रपटात सूर्य नष्ट होऊ लागताच माणसे यानातून पळत नाहीत. दहा हजार यंत्रे बसवून ती पृथ्वीच ढकलत नेतात, आणि हा प्रवास अडीच हजार वर्षांचा आहे. घर सोडण्यापेक्षा घरच घेऊन जाण्याचा हा ध्यास, आणि शंभर पिढ्यांवर टाकलेला विश्वास, हा केवळ कथानकातील चमत्कार नव्हे. कोरियन ‘स्पेस स्वीपर्स’ (२०२१) अवकाशातील भंगार गोळा करणाऱ्या कर्जबाजारी माणसांची कथा सांगतो. आरती कदव यांच्या हिंदी ‘कार्गो’मध्ये ‘पुष्पक’ नावाच्या यानावर राक्षस कारकुनी शिस्तीने मृतांना पुनर्जन्मासाठी सिद्ध करतात. यंत्रयुगाच्या भाषेत पुराणाची ही पुनर्रचना बंकुबाबूंच्या गावकऱ्यांना परकी वाटली नसती.

तथापि सुलभता म्हणजे परिचय नव्हे. ‘स्पेस स्वीपर्स’मधील पात्रे आपापल्या भाषेत बोलतात आणि कानातील यंत्र त्यांचे भाषांतर करते. मराठी प्रेक्षकाच्या कानात असे यंत्र नाही. हे चित्रपट त्याच्यापर्यंत येतात ते बहुधा इंग्रजी उपशीर्षकांतून वा हिंदी संवादांतून. कोरियन भाषेतील आदरार्थी रूपांचे अनेक थर इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये लोपतात. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ जाणणाऱ्या मराठीला त्यांचा निदान काही अंश राखता आला असता. समीपची भाषा दूरच्या भाषेच्या चाळणीतून आपणांस मिळते, ही या सोयीची किंमत आहे.

दुसरी उणीव चर्चेची. सेवेची यादी प्रेक्षकाच्या मागील आवडीवरून पुढचा चित्रपट सुचवते. ती साम्य ओळखते. परंपरा सांगत नाही. ‘गोजिरा’पासून ‘द वाँडरिंग अर्थ’पर्यंतचे नाते दाखवणे हे समीक्षेचे काम आहे. जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, तेव्हापासून मराठीत विज्ञानकथेचा वाचक घडत आला आहे. संज्ञा आहे, कथा आहेत, आता चित्रपटही हाताशी आहेत. कोलकात्याजवळ १९६६ मध्ये चित्रपट थोडे आणि बोलणारे बरेच होते. मराठीत आज हे प्रमाण उलटले आहे. या चित्रपटांचे संवाद मराठीत आणणारे अनुवादक आणि त्यांवर सातत्याने लिहिणारे समीक्षक लाभले, तरच या पाहण्याचे रूपांतर आस्वादात होईल.