विदर्भ कापला की दोन तुकडे होतात

राजकारणाबद्दल हा लेख नाही, आधीच सांगतो. ‘विदर्भ’ हा शब्द नीट शिरोरेषा देऊन कागदावर लिहा, तो कागद प्लायवर चिकटवा आणि बारीक पात्याच्या करवतीने बाहेरच्या कडेने कापत जा. शेवटी हातात दोन तुकडे येतात. एक ‘विद’, दुसरा रफारासकट ‘भ’. भ च्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते, ती फक्त कान्यावर असते. कागदावर ही फट डोळ्याला दिसतही नाही, पण लाकडात तिथे आरपार हवा असते. ‘वर्धा’ही असाच फुटतो, कारण ध ची सवय तीच आहे. ‘भातकुली’ आणि ‘धामणगाव’ मात्र अखंड राहतात, कारण तिथे ही अक्षरं सुरुवातीलाच आहेत आणि त्यांच्या डावीकडे जोडायला कुणी नाही. ‘शुभम’चे दोन तुकडे होतात. ‘अभिजित’ वाचतो, कारण भ वरची वेलांटी अलीकडून पलीकडे जाते आणि पुलाचं काम करते.

या यंत्राला स्क्रोल सॉ म्हणतात. दिसायला शिलाई मशीनच्या जवळचं. सुईच्या जागी वीतभरापेक्षा कमी लांबीचं, दोऱ्यासारखं अरुंद पातं दोन टोकांना ताणून बसवलेलं असतं आणि ते वर-खाली चालतं. पातं जागेवरच असतं, आपण लाकूड फिरवायचं. आतला भाग काढायचा असेल तर ड्रिलने भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि कापायचं. दोनशे भोकं असतील तर हे दोनशे वेळा. अमरावती-अकोल्याकडे माझ्या ओळखीतले चार-पाच जण हा छंद करतात. त्यात एक बँकेतला आहे, एक शिक्षक, दोघं माझ्यासारखे दिवसभर कोड लिहिणारे. त्यांची आणि त्यांच्यासारख्यांची कामं मी गेली काही वर्षं बघतो आहे, आणि माझी तक्रार अशी की या कामांबद्दल कुणी काही बोलतच नाही. ‘भारी’, ‘एक नंबर’, ‘हात आहे की मशीन’ यांना मी बोलणं धरत नाही.

बोलण्यासारखं भरपूर आहे. देवनागरी ही या करवतीसाठी जवळजवळ आयती लिपी आहे. इंग्रजी नाव कापायचं तर अक्षरं सुटी पडतात, मग खाली पट्टी द्यावी लागते किंवा अक्षरं एकमेकांत घुसवावी लागतात. आपली अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगलेली असतात. ‘अकोला’, ‘अमरावती’, ‘बाळापूर’, ‘दर्यापूर’ ही नावं एकसंध निघतात. अडचण अनुस्वाराची. ‘चांदूर’चं टिंब खाली पडतं, ‘नांदगाव खंडेश्वर’ची दोन पडतात. इथे कापणाऱ्याची परीक्षा सुरू होते. टिंब वेगळं कापून मागच्या फळीवर चिकटवणं हा सर्वात सोपा उपाय, म्हणून सर्वात जास्त दिसणारा. टिंबाला खाली बारीक देठ काढला की ते अळंबीसारखं दिसतं. मला आवडलेला एकच उपाय मी पाहिला आहे. टिंब थोडं मोठं करून, खाली आणून शिरोरेषेत एक-दोन मिलिमीटर रुतवलं होतं, ओल्या शाईचा ठिपका ओघळून रेषेला टेकावा तसं. त्यासाठी फॉन्ट सोडून पेन्सिल हातात घ्यावी लागते.

फॉन्ट हीच इथली खरी पंचाईत. विंडोजमधला मंगल र. कृ. जोशींनी घडवला, तो पडद्यावर लहान आकारात वाचता यावा म्हणून. तोच ताणून दोन फूट रुंद केला आणि कापला की ग, ण, श यांचे डावे भाग शिरोरेषेला एका नाजूक टोकाने लोंबत राहतात. पाटी पुसताना फडकं अडकलं की ते तुटतात. सागवानात तर आणखी पेच आहे. लाकडाच्या रेषा आडव्या ठेवल्या तर शिरोरेषा मजबूत होते आणि कान्याचे तुकडे पडतात. उभ्या ठेवल्या तर उलटं. प्लायचे थर एकाआड एक वेगळ्या दिशेने असतात म्हणून प्लाय टिकतो. पण आमच्याकडे मेळघाट उशाशी आहे, परतवाड्याच्या सागवानाचा अभिमान आहे, त्यामुळे ‘ओरिजिनल सागवान’ सांगण्यातच निम्मं काम झालं असं मानतात. सागवानात कापायचं असेल तर अक्षर जाड हवं, कान्याची मुळं रुंद हवीत. म्हणजे अक्षर लाकडाप्रमाणे काढायला हवं. असं काम मी आजवर फार थोडं पाहिलं.

माणसांच्या चेहऱ्यांकडे येऊ. पद्धत अशी: फोटो काळा-पांढरा करायचा, काळा भाग कापून टाकायचा, मागे काळी फळी लावायची. अट एकच, उरलेला पांढरा भाग सगळीकडून जोडलेला हवा, एकही बेट सुटं राहता कामा नये. कोड लिहिणाऱ्यांना ही अट ओळखीची वाटेल, आलेखातला प्रत्येक बिंदू दुसऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. बाबासाहेबांचा चष्मा घ्या. काळी फ्रेम पूर्ण गोल कापली तर भिंगासकट डोळा खाली पडतो. म्हणून फ्रेम कुठेतरी तोडावी लागते. बहुतेक जण ती चार ठिकाणी सारख्या अंतरावर तोडतात, आणि चेहरा पोत्यावर रंगाने नाव उठवायच्या पत्र्याच्या साच्यासारखा दिसू लागतो. प्रकाश जिथे फ्रेमवर चमकेल तिथेच ती तुटू दिली, तर बघणाऱ्याचा डोळा उरलेला गोल आपणच पुरा करतो. पूल तोच असतो, फक्त दिसत नाही.

गाडगेबाबा इथे घरोघरी कापले जातात. शेंडगाव अमरावती जिल्ह्यातलंच, माया असणारच. पण दाढी-केसांच्या रेषा हा सोपा भाग आहे. लांब रेषा एका टोकाला जोडलेल्या राहतात, बेट होण्याची भीती नसते, म्हणून सगळी मेहनत तिथे ओतली जाते आणि डोळे दोन फटी उरतात. खरं तर या माध्यमाला बाबांची गोधडी सापडायला हवी होती. ठिगळाला ठिगळ जोडलेलं वस्त्र, म्हणजे पुलांचंच चित्र. ते मी अजून कुणाच्या कामात पाहिलं नाही.

एवढं कुणी समोर बोलत नाही, कारण हा छंद आहे. छंद करणाऱ्या माणसाला उत्तेजन द्यावं, असा अलिखित करार असतो. त्याचं मोल मला कळतं. पहिलं पातं पंधरा मिनिटांत तुटतं, दुसरं दहा मिनिटांत, आणि कुणी ‘पातं जास्त ताण, लाकूड ढकलू नको’ असं प्रेमाने सांगितलं नाही तर मशीन पलंगाखाली जातं. हे लोक एकमेकांना पाती देतात, नकाशे देतात, रविवार देतात. पण नवशिक्याला दिलेली शाबासकी पाच वर्षांनी तशीच्या तशी दिली, तर तो अपमान आहे. माझा कोड कुणी न वाचता ‘मस्त’ म्हणून पुढे सरकवला, तर मला समजतं की त्याने तो उघडलाच नाही.

आणि एक गोष्ट खुपते. आमच्याकडच्या सुताराला, वाढई म्हणा, असलं उत्तेजन कधी मिळालं? तिफणीची छिद्रं वाकडी पडली तर पेरणी वाकडी, वखर बेताचा नसला तर शेतकरी बांधावरून ओरडायचा. त्याच्या कामाची समीक्षा दर हंगामात व्हायची, कडक, आणि बलुत्याच्या धान्यावर परिणाम करणारी. त्यातून त्याचं काम बारीक होत गेलं आणि कौतुक मात्र कुणी केलं नाही. आता तेच लाकूड पगारी माणसाने हौसेने कापलं की टाळ्या. दोघांच्या वाट्याला अर्धं-अर्धंच आलं.

तान्ह्या पोळ्याचा बैल हे याचं सरळ उदाहरण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांचे लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, बोजारा मिळवतात. माझ्या एका मित्राने भाचीसाठी बैल कापला. चौकोनी ठोकळ्याच्या एका बाजूवर बैलाची कड, शेजारच्या बाजूवर समोरून दिसणारी आकृती. आधी एक कापायची, सुटलेले तुकडे टेपने परत बसवायचे, मग दुसरी. टेप सोडली की फालतू तुकडे गळून पडतात आणि आत बैल उभा असतो. हा क्षण जादूचाच आहे, आणि बघणारे सगळे त्या क्षणालाच दाद देत होते.

बैलाकडे कुणी बघितलं नाही. त्याला वशिंड नव्हतं. नकाशा परदेशातला, मान खाली घालून धडक द्यायच्या पवित्र्यातला, सपाट पाठीचा. ज्या सणाची सुरुवात आदल्या दिवशी खांदशेकणीने होते, जिथे वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावतात, त्या सणातल्या बैलाला खांदाच नाही. नागपूरकडचे सुतार घडवतात ते बैल ओबडधोबड असले तरी वशिंड विसरत नाहीत. कधीकधी तेच सगळ्यात मोठं असतं.

समोरच फर्निचरचं काम करणारे एक काका उभे होते. त्यांनी बैल हातात घेतला, उलटा केला, शिंगावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “पाय मस्त काढले भाऊ तुमी. पण शिंग टिकत नाई. रेषा आडवी गेली न.” पाय उभे, लाकडाच्या रेषा उभ्या, म्हणून पाय पक्के. शिंगं बाजूला गेलेली, म्हणून त्या रेषा शिंगाला आडव्या पडलेल्या. मग म्हणाले, “शिंग येगळं कापा, भोक पाडून बसवा. अन् खांदा द्या बैलाले.”

मित्राने नवा नकाशा स्वतः काढला आहे. वशिंड अजून उंटासारखं दिसतं.