एकेश्वरवादी वाचन आणि तुकारामांचा विठ्ठल

संतकाव्याच्या आधुनिक समीक्षेत एक समजूत दीर्घकाळ वावरत आली आहे. भक्तिकवितेचे श्रद्धायुक्त वाचन आणि तिचे वाङ्मयीन वाचन ही दोन अलग क्षेत्रे असून, एकोणिसाव्या शतकात नव्या विद्येच्या संस्काराने मराठी समीक्षक पहिल्यातून दुसऱ्यात आला, असे या समजुतीचे स्वरूप आहे. तुकारामांच्या गाथेच्या वाचनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. पुढे धर्मनिरपेक्ष म्हणून रूढ झालेल्या वाचनपद्धतीची घडण एका विशिष्ट ईश्वरविचारात झाली होती, हे त्या इतिहासातून दिसते. हे ऋण न ओळखल्यामुळे समीक्षेला गाथेतील काही अभंगांचा अर्थ आजही नीट लावता येत नाही.

मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, इंदुप्रकाश छापखान्याने तुकारामांच्या गाथेच्या संशोधित आवृत्तीचा पहिला खंड प्रसिद्ध केला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या या आवृत्तीला मुंबई सरकारचे २४,००० रुपयांचे साहाय्य होते. या साहाय्यामागे असलेले सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षण खात्याचे संचालक होण्यापूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य होते आणि महादेव गोविंद रानडे हे तेथलेच विद्यार्थी. नव्या धर्मसभेची प्रार्थना आणि नव्या विद्येची संहिता या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच वर्तुळात, जवळजवळ एकाच वेळी आकाराला आल्या. साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा हा संग्रह कीर्तनाच्या रंगातून आणि फडांच्या वह्यांतून निघून एकट्या वाचकाच्या हाती पुस्तकरूपाने पडला, तेव्हा तो कसा वाचावा याची रीतही त्याच वर्तुळाने घालून दिली.

ही रीत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या लेखनात स्पष्टपणे पाहावयास मिळते. दोघेही मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतले. ईश्वर हा सृष्टीचा नैतिक शासक असून मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी ही त्याच्या शासनाची साक्ष आहे, हा बिशप बटलरचा विचार त्यांच्या बौद्धिक संस्काराचा भाग होता. ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ मांडणाऱ्या रानड्यांना असा ईश्वर केवळ परकीय ग्रंथांतून घ्यावयाचा नव्हता, त्याची साक्ष स्वभूमीत हवी होती. ती त्यांना संतांमध्ये मिळाली. मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि संत हे आक्षेपार्ह अर्थाने मूर्तिपूजक नव्हतेच, असा निर्वाळा दिला. भांडारकरांनी १९१३ च्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात विठ्ठलाजवळ राधा नसून रुक्मिणी आहे याकडे लक्ष वेधले आणि त्यातून महाराष्ट्रीय वैष्णवधर्माची नैतिक शुचिता सिद्ध केली.

या दोन्ही विधानांमागची वाचनक्रिया एकच आहे. काव्यात जे मूर्त, स्थानिक आणि विधिबद्ध आहे ते आवरण ठरते. जे आंतरिक, नैतिक आणि सार्वत्रिक आहे तो आशय ठरतो. पंढरपूर, वीट, चंद्रभागा, वारी यांना प्रतीकाचा दर्जा मिळतो. पश्चात्तापाचे, आत्मपरीक्षणाचे आणि करुणेचे अभंग केंद्रस्थानी येतात, तर गौळणी, बाळक्रीडा, टिपरीचे खेळ ओघानेच परिघाकडे सरकतात. भूमिती आणि नीतिशास्त्र शिकलेल्या मध्यमवर्गाला ज्याच्यापुढे संकोच न बाळगता हात जोडता येतील, असा एक देव या वाचनाने घडविला. त्याला रूप नाही, क्षेत्र नाही, उपचार नाहीत. अंतःकरण मात्र आहे. पुढील काळातील मराठी कवितेत हा देव वारंवार भेटतो. मर्ढेकरांची ‘भंगू दे काठिण्य माझे’ ही प्रार्थना ज्या ‘तू’ला उद्देशून आहे, त्याला नाव नाही आणि ठावही नाही; मागणे आहे ते स्वभावावर संस्कार व्हावा एवढेच.

या वाचनाला त्याच काळात एक पर्यायही उपलब्ध होता. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून १८८५ मध्ये प्रार्थना समाजावर टीका केली. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी ‘निर्मिक’ हे ईश्वराचे नवे नाव वापरले. अभंगाशी नाते सांगणारी रचना त्यांनी ‘अखंड’ म्हणून लिहिली. जुन्या देवाचा नवा अर्थ लावण्याचा खटाटोप मात्र केला नाही. नवा ईश्वर हवा असेल तर नवे नाव द्यावे, जुन्या काव्यावर त्याचे आरोपण करू नये, असा सरळ विवेक त्यात दिसतो. रानड्यांचा मार्ग अर्थनिर्णयनाचा होता, फुल्यांचा नामकरणाचा. मराठी समीक्षेने पहिला मार्ग स्वीकारला आणि आपण तो स्वीकारला आहे, हे ती हळूहळू विसरली.

या विस्मरणाची किंमत कोणती, हे तुकारामांच्या भांडणाच्या अभंगांवरून कळते. त्यांतील एका प्रसिद्ध अभंगात देव आपल्यापुरता संपल्याचे तुकाराम सांगतात. असेल त्याला तो असो, आपण त्याच्याविषयी बोलणार नाही, त्याचे नावही घेणार नाही, दोघांतले नाते तुटले, असा त्याचा रोख आहे. एकेश्वरवादी वाचनाला हा अभंग साधकाच्या वाटेवरील निराशेची एक पायरी वाटतो, कारण नैतिक शासकाशी अबोला धरता येत नाही. आधुनिक वाचनाला तो अश्रद्धेचा उद्गार वाटतो आणि त्यात ईश्वराच्या मृत्यूची युरोपीय घोषणा आधीच ऐकू येऊ लागते. दोन्ही वाचने परस्परविरोधी भासतात, परंतु दोहोंत ‘देव’ हा शब्द एका कल्पनेचा वाचक आहे. पहिली ती कल्पना जपते, दुसरी टाकून देते.

अभंगातली भाषा मात्र कल्पनेविषयी बोलतच नाही. ती घरातल्या माणसाशी संबंध तोडल्याची भाषा आहे. ज्याच्यावर हक्क आहे, ज्याने शब्द दिला आणि पाळला नाही, त्याच्याशीच मनुष्य बोलणे टाकतो आणि टाकल्याचे चारचौघांत सांगतो. त्यासाठी देव कुठेतरी उभा असावा लागतो. त्याचे दार, त्याचा उंबरठा असावा लागतो. विटेवरचा विठ्ठल हे प्रतीक मानले की भांडणाचा प्रतिपक्षच नाहीसा होतो आणि उरते ते मनाचे स्वगत. नाव न घेण्याची प्रतिज्ञा अभंगात, म्हणजे नामसंकीर्तनाच्याच छंदात केलेली आहे, हा त्यातला वाङ्मयीन ताणही मग वाचकाच्या हाती लागत नाही. म्हणजेच हानी येथे काव्याच्या आकलनाची होते.

विसाव्या शतकातील समीक्षेने ईश्वराची जागा इतर मूल्यांना दिली. गं. बा. सरदारांच्या ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथाने संतांच्या कार्याचा सामाजिक अंगाने विचार रूढ केला आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्या प्रभावाखालील पुष्कळ लेखनात जुनीच विभागणी चालू राहिली: भक्ती हे आवरण, समता हा आशय. त्यानंतरच्या अस्तित्ववादी रुचीने समतेच्या जागी एकाकी ‘मी’ आणला. आशय बदलत गेला, आवरण मात्र प्रत्येक वेळी विठ्ठलच ठरला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या दैवताला त्याचा इतिहास, भूगोल आणि लोकजीवन परत मिळवून दिले, पण त्या संशोधनाचा उपयोग अभंगांच्या अर्थनिर्णयनासाठी व्हावा तितका झालेला नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, विठ्ठलाला प्रतीक मानू नये असे म्हणणे म्हणजे समीक्षकाने वारकरी व्हावे असे सांगणे होय. हा आक्षेप टिकणारा नाही. समीक्षकाकडून श्रद्धेची अपेक्षा नाही. काव्यातील वक्ता ज्याच्यासमोर उभा आहे त्याला काव्यात उभे राहू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. नाटकातील पात्रांचे अस्तित्व मान्य करावयास इतिहासाचा पुरावा कोणी मागत नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न समीक्षेने मोकळा ठेवावा. परंतु गाथेत तो नाही, तेथे केवळ एक कल्पना आहे, असा निर्णय देताना समीक्षा धर्मविचाराबाहेर पडलेली नसते. रानड्यांनी तो निर्णय जाणीवपूर्वक, आपल्या ईश्वरनिष्ठेपोटी घेतला होता आणि त्याची कारणे उघडपणे मांडली होती. त्यांच्यानंतरच्या समीक्षेने निष्ठा बाजूला ठेवली, निर्णय तेवढा जवळ बाळगला. तुकारामांचा अबोला ऐकू यावयाचा असेल, तर त्या निर्णयाचीच प्रथम फेरतपासणी करावी लागेल.