दलित कादंबरी आणि वेळेचा प्रश्न

दलित साहित्याने कविता दिली, कथा दिली, आत्मकथन दिले. कादंबरी मात्र दिली नाही, हा आरोप मी एम.ए.च्या वर्गात प्रथम ऐकला. आज मी स्वतः महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि 'दलित कादंबरीच्या मर्यादा स्पष्ट करा' या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासतो. विद्यार्थी ठरावीक उत्तर लिहितात. आत्मनिष्ठा फार, तटस्थता नाही, अनुभवविश्व मर्यादित, प्रचाराचा सूर. मी गुण देतो. देताना हात अडतो, पण देतो, कारण त्यांनी ते ज्या पुस्तकातून पाठ केले त्याच पुस्तकातून मीही पाठ केले होते.

आरोप पूर्ण खरा नाही. अण्णा भाऊ साठे यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. बाबुराव बागुलांची 'सूड' आहे, नामदेव ढसाळांची 'हाडकी हाडवळा' आहे, शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. तरी कवितासंग्रह आणि आत्मकथने एका बाजूला ठेवली तर कादंबरीचे पारडे वर जाते, हे मान्य करावे लागेल. प्रश्न आहे तो कारणाचा. आमचे समीक्षक ते लेखकाच्या मनात शोधतात. प्रतिभेचा आवाका, चिंतनाची खोली आणि प्रेरणा. प्रेरणा या शब्दाचे तर आपल्याकडे इतके झाले आहे की 'दलित साहित्य : प्रेरणा आणि प्रवाह' हा परिसंवाद झाला नाही असे वर्ष जात नाही. मित्रहो, प्रेरणेची वाण आपल्याला कधीच नव्हती. बुद्ध आहेत, फुले आहेत, बाबासाहेब आहेत. नाही ते एवढेच, की सलग तीस दिवस कोणी हाक मारणार नाही असे तीस दिवस नाहीत.

हे मला एका विद्यार्थ्यामुळे नीट सुचले. त्याने सांगितले, अमेरिकेत एका महिन्यात कादंबरी लिहिण्याची चळवळच होती. मी माहिती काढली. १९९९ साली सान फ्रान्सिस्कोत काही मित्रांनी सुरुवात केली. पुढे नोव्हेंबर महिना ठरला, पन्नास हजार शब्दांचे लक्ष्य ठरले आणि जगभरची लाखो माणसे त्यात उतरली. २०२५ च्या मार्चअखेर ती संस्था बंद होत असल्याचे जाहीर झाले. पण कल्पना राहिली आहे. रोज १,६६७ शब्द, मागे वळून पाहायचे नाही, खोडायचे नाही. विद्यार्थी म्हणाला, "सर, आपणही करू. नोव्हेंबरात."

नोव्हेंबर! गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याने हा महिना निवडावा यासारखा विनोद नाही. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापायला येतो, भारी धान त्यानंतर. कापणी, बांधणी, पुंजणे, चुरणे. पाऊस चुकून आला तर कापलेल्या कडपा बांधीतच भिजतात. ज्याची स्वतःची बांधी नाही त्याला तर हेच मजुरीचे दिवस. ते गेले की पुढे वाट पाहायची. म्हणजे कादंबरीसाठी जगाने जो महिना मोकळा ठरवला, तो आमच्याकडे वर्षातला सर्वांत भरलेला महिना आहे. मग कोणता महिना घ्यावा? जुलै-ऑगस्ट रोवणीचे. मे तेंदूपानांचा, पहाटे जंगलात, दुपारी सत्तर पानांचे पुडके बांधत बसायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. ज्या घरातून मी आलो त्या घराचे पंचांग असे आहे. कादंबरीचा महिना त्यात छापलेला नाही.

पण रोजच्या ठरावीक आकड्याची कल्पना मला परकी वाटली नाही. माझी माय बिडी वळायची. हजारावर दाम. सुपात पाने, तंबाखू आणि सूत घेऊन ती दिवस उजाडताना बसे आणि आम्ही शाळेतून येईपर्यंत तिचे सहाशे-सातशे झालेले असत. तिला कोणी प्रेरणा टिकवण्याचे उपाय सांगितले नव्हते. संध्याकाळी कारखान्यात मोजणी होई आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, म्हणजे छाट, हिशेबातून जात. छाट किती काढायची हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर असे. मराठी समीक्षेचा अभ्यास करताना हा मोजणारा मला पुष्कळदा आठवला आहे.

आता दोन उदाहरणे शेजारी ठेवतो. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' १९६३ साली आपल्या सांगवी या गावी अवघ्या दोन-तीन आठवड्यांत लिहिली. ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक वर्गात कौतुकाने सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. 'कोसला' मोठी कादंबरी आहे, हे मी कोणाच्या धाकाने म्हणत नाही; पांडुरंग सांगवीकर वाचून मलाही माझे वसतिगृह दिसले होते. दुसरे उदाहरण अण्णा भाऊंचे. घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत राहून, चळवळ, शाहिरी आणि पोट सांभाळून हा माणूस झपाट्याने लिहीत राहिला आणि १९६९ साली, पन्नाशीही न गाठता गेला. त्यांच्या वेगाबद्दल वर्गात काय सांगितले जाते? घाईने लिहिले, पुनरावृत्ती झाली, रचना सैल राहिली. एकाचा वेग म्हणजे उत्स्फूर्तता आणि दुसऱ्याचा वेग म्हणजे घाई. मोजणारा एकच, सूप वेगळे.

नेमाड्यांचा यात दोष नाही. दोष आपल्या वाचनाचा आहे. 'कोसला'च्या त्या आठवड्यांवर शेतकरी घराचे छप्पर होते. दस्तयेव्हस्कीने १८६६ च्या ऑक्टोबरात सव्वीस दिवसांत 'जुगारी' पुरी केली, तेव्हा कर्ज त्याच्या मानेवर होते हे खरे. पण तो सांगत होता आणि आना स्नित्किना ही तरुणी लघुलिपीत उतरवून घेत होती. जगात जिथे जिथे महिन्यात कादंबरी झाली तिथे तिथे लेखकाच्या मागे कोण उभे होते, चूल कोणी पेटवली, हे विचारले पाहिजे. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान'वरील आपला ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला, त्यातही आपल्या अभ्यासाच्या वर्षांची किंमत कोणी मोजली याची जाण आहे, असे मी समजतो.

अण्णा भाऊंच्या कादंबरीत हा वेळ मला घडणीतच दिसतो. 'फकिरा' पुन्हा काढून पाहा. राणोजी जोगणी आणायला जातो तो सुरुवातीचा भाग सावकाश आहे. त्याला रात्र आहे, वाट आहे, भीती आहे. पुढे प्रसंगामागून प्रसंग येतात आणि प्रत्येक प्रसंग स्वतःपुरता पुरा होतो, जणू लिहिणाऱ्याला मध्येच उठावे लागले तरी काही सुटू नये. याचे सगळे श्रेय वेळेच्या टंचाईला देणे चूक ठरेल. अण्णा भाऊ शाहीर होते. पोवाड्याचा चौक जसा आघातावर संपतो तसे त्यांचे प्रसंग संपतात, ही त्यांची कमावलेली रीत आहे. पण उणीवही आहे आणि ती आपण लपवू नये. घरातल्या बायका येतात, आकांत करतात, धीर देतात. त्यांचा एखादा साधा दिवस कसा उगवला आणि मावळला हे क्वचितच कळते. तो दिवस लिहायला थांबावे लागते. थांबायला फुरसत लागते.

आणि याच कादंबरीत आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेने न विचारलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे हजेरी. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत तो शिक्का पुसला नाही, त्यांच्यावर सरकारने हजेरी लादली होती. 'फकिरा'तला मांग हजेरीत अडकतो. हजेरी म्हणजे काय? जमीन घेतली नाही, बैल घेतला नाही. माणसाचा दिवस घेतला. ठरल्या वेळी येऊन 'मी आहे' म्हणायचे. त्यामुळे लांबच्या बाजाराला जाता येत नाही, नात्यातल्या लग्नाला जाता येत नाही, दोन दिवसांचे काम धरता येत नाही. दिवसाचे तुकडे होतात. फकिराचे बंड मी भुकेविरुद्धचे बंड म्हणून शिकलो आणि तसेच शिकवत आलो. आता मला ते तुकडे केलेला दिवस परत मागणाऱ्याचे बंडही वाटते. ज्याच्या पूर्वजांचा दिवस चावडीने कापला, त्याला 'सलग लिही' म्हणणाऱ्यांनी एवढा इतिहास ध्यानात घ्यावा.

तुकड्यांतही लिहिता येते, आपल्या स्त्रियांनी ते करून दाखवले आहे. बेबीताई कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि कागद घरच्यांपासून लपवून ठेवत. असे वीस वर्षे. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. महिन्यात कादंबरी लिहिणाऱ्यांनी या वीस वर्षांपुढे मान खाली घालावी. पण तो तुकड्यांचा वेळ त्या लेखनाच्या घाटातही उतरला आहे. सलग कथानक नाही. सणाचा एक तुकडा, बाळंतपणाचा एक, भुकेचा एक. समीक्षा त्याला 'विस्कळीत' म्हणून मोकळी होते. मला ती अचूक वाटते.

इथपर्यंत लिहिताना मला बरे वाटत होते, कारण सगळा दोष बाहेर होता. आता माझे सांगतो.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढ्या तासिका तेवढे मानधन. सुटीचे मानधन नाही. म्हणजे मीही हजारावर दाम घेणारा आहे, फक्त सुपाऐवजी खडू. सुटीत वेळ असतो तेव्हा पैसे नसतात, म्हणून शिकवण्या घेतो. बल्लारशाह लाईनीवरच्या माझ्या गावाहून गोंदियाला येताना गाडीत तास-सव्वा तास मिळतो; बसायला जागा मिळाली तर एक पान होते. महाविद्यालयात माझी हजेरी बोटाच्या ठशाने घेतली जाते. त्या हजेरीशी मी याची तुलना करीत नाही. तसे करणे फकिराचा अपमान होईल. पण कादंबरी होत नाही याचे कारण म्हणून मी हे सगळे मित्रांना अनेकदा ऐकवले आहे आणि चहा पिता पिता ते सर्वांना पटलेही आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ठरवलेच. अकरा दिवस खोलीचे दार लावले. आमची दोन एकर बांधी कापायला आली होती. मजूर लावायचा तर पैसे हवेत. माझी पत्नी म्हणाली, तुम्ही लिहा, आम्ही बघतो. ती आणि माय पहाटे विळे घेऊन निघत, मी कंदील विझवून नव्हे, चांगला दिवा लावून लिहीत बसे. गावात मंडई झाली, रात्रभर नाटक झाले. मी गेलो नाही, आणि या त्यागाचा मला अभिमान वाटला. अकरा दिवसांत ब्याऐंशी पाने झाली. कादंबरीची नायिका बिडी वळणारी एक बाई आहे. तिच्या श्रमाचे शोषण मी फार प्रभावी लिहिले आहे, असे माझे मत झाले होते.

शेवटच्या संध्याकाळी माय ओसरीवर बसून पायातले काटे काढत होती. तिने विचारले, "किती झाली गा पानं?"

मी म्हणालो, "ब्याऐंशी."

"आन छाट किती?"

ती थट्टा करीत नव्हती. काम संपल्यावर विचारायचा तो प्रश्न, तिने विचारला. मी रात्री पाने पुन्हा वाचली. माझी नायिका चौथ्या पानावर बिडी वळायला बसते आणि ब्याऐंशीव्या पानापर्यंत वळतच असते. ती कधी काय विचार करते, सूत तुटले की काय पुटपुटते, हजारातली किती बोटांना आपोआप होते आणि कितव्या शेकड्यानंतर मान धरते, यातले काही मला माहीत नव्हते. ज्या बाईला हे माहीत होते ती अकरा दिवस माझ्या वाट्याची कापणी करीत होती. 'फकिरा'त जी उणीव मी दाखवली ती माझ्या वहीत अधिक आहे, आणि अण्णा भाऊंना जे कारण होते ते मला तितके नव्हते. माझा वेळ चावडीने घेतला नव्हता. मीच घरातल्या दोघींचा घेतला होता.

पत्नीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग मला कव्हा विचारसाल?" तिलाही लिहायचे आहे काय, की तिला आपल्याविषयी सांगायचे आहे, हे मी अजून नीट विचारलेले नाही.

ब्याऐंशीपैकी एकोणीस पाने ठेवली आहेत. आता रविवारी दुपारी माय सांगते आणि मी लिहितो. ती सांगताना पाने कापतच असते, कारण हात रिकामा ठेवून तिला बोलता येत नाही. दोन रविवारांत तीन पाने झाली. त्यातले एक तिने ऐकून परत करायला लावले, कारण मी तिच्या हातात कात्री उजवीकडे दिली होती आणि ती डावखुरी आहे.