अपराध्याची वकिली

देहदंडाच्या कैद्यांचा वकील कायद्याच्या विद्यालयांत व्याख्यानास आला म्हणजे श्रोत्यांस त्याजकडून बहुधा एकच कथा हवी असते: निरपराधी मनुष्य मृत्यूच्या दारांतून परत कसा आला. ब्रायन स्टीव्हन्सन या अमेरिकन वकिलाचें 'जस्ट मर्सी' (२०१४) हें आत्मकथनपर पुस्तक ती कथा उत्तम सांगतें. परंतु ग्रंथाचें खरें मोल त्या कथेंत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथाचा आरंभ १९८३ मधील आहे. हार्वर्ड येथें कायदा शिकणारा हा तरुण जॉर्जियांतील तुरुंगांत देहदंडाच्या एका कैद्यास भेटतो. निरोप एवढाच, कीं येत्या वर्षांत शिक्षेची अंमलबजावणी होणार नाहीं. तेवढ्यानें कैद्यास हर्ष होतो. कारण आतां बायकामुलांस भेटीस बोलावण्यास हरकत उरली नाहीं. या भेटीनंतर विद्यार्थ्यास ग्रंथालयांतील शुष्क कायदेग्रंथ अर्थपूर्ण वाटूं लागतात. विद्यालयीन शिक्षणावर याहून मार्मिक टीका कोणती?

पुढें आलाबामांतील वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय मजुराचा खटला ग्रंथाचा कणा होतो. आरोप १९८६ मधील खुनाचा. त्या वेळीं तो घरीं होता असें सांगणारे साक्षीदार अनेक. तरी खटला दीड दिवसांत संपला! ज्यूरीनें सुचविलेली जन्मठेप डावलून न्यायाधीशानें देहान्ताची शिक्षा फर्माविली. १९९३ मध्यें मॅकमिलियन सुटला. न्यायाधीशाचा तो अधिकार त्या राज्यानें २०१७ मध्यें रद्द केला. खून झाला तें मन्रोव्हिल हें हार्पर ली यांचें गांव. आपल्या कादंबरीकर्त्रीच्या न्यायप्रिय वकिलाचा अभिमान मिरविणाऱ्या गांवांतली ही विसंगति लेखकानें नेमकी टिपली आहे.

तथापि निरपराध्याविषयीं कळवळा वाटण्यास फार मोठें मन लागत नाहीं. देहदंडाचा पुरस्कर्ताही ही कथा वाचून 'चौकशी नीट व्हावी' एवढेंच म्हणेल आणि निश्चिंत होईल. ग्रंथाची खरी कसोटी हर्बर्ट रिचर्डसन याच्या प्रकरणांत लागते. व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या या सैनिकानें ठेवलेल्या बाँबनें एक मुलगी मृत्यु पावली. मारण्याचा हेतु नव्हता, असें तो म्हणे. कृत्य मात्र त्याचेंच होतें. १९८९ मध्यें विजेच्या खुर्चींत त्याचा अंत झाला. त्या दिवशीं तुरुंगाचे नोकर त्यास काय हवें तें पुनःपुन्हां विचारीत होते. एवढी विचारपूस आपली जन्मांत कोणी केली नाहीं, असा त्याच्या उद्गारांचा आशय आहे.

मनुष्य आपल्या सर्वांत वाईट कृत्याहून अधिक कांहीं असतो, हें लेखकाचें सूत्र. मॅकमिलियनला त्याची गरजच नव्हती, रिचर्डसनला होती. मृत मुलीच्या आप्तांस हें सूत्र कसें पटवावें, या प्रश्नापाशीं लेखकानें अधिक थांबावयास हवें होतें. एरव्हीं त्याची करुणा एकपक्षी ठरण्याची भीति आहे.

असो. विद्यालयांनीं अशा वकिलांस अवश्य पाचारण करावें. विद्यार्थ्यांनीं मात्र त्यांस सुटलेल्या कैद्याविषयीं विचारण्याआधीं, ज्याच्यासाठीं त्यांचे सर्व अर्ज फेटाळले गेले त्या अपराध्याविषयीं विचारावें.